वर असणं आणि हुकूम चालवणं

नागपुरात रेल्वेचे दोन डीआरएम, म्हणजे विभागीय व्यवस्थापक, बसतात. एक मध्य रेल्वेच्या नागपूर विभागाचे. त्यांचं मुख्यालय मुंबईला. दुसरे दक्षिण पूर्व मध्य रेल्वेच्या नागपूर विभागाचे. त्यांचं मुख्यालय बिलासपूरला. शहर तेच, विभागाचं नाव तेच, पदही तेच. मुंबईहून हावड्याला निघालेली गाडी नागपूरला येताना एका साहेबांच्या हद्दीत असते आणि नागपूर सोडलं की दुसऱ्या साहेबांच्या हद्दीत शिरते. या दोघांत मोठे कोण? कोणीच नाही. दोघंही आपापल्या महाव्यवस्थापकांना जबाबदार असतात, एकमेकांना नव्हे. तरीही गाड्या दिवसरात्र एका हाताकडून दुसऱ्या हाताकडे सोपवल्या जातात.

ही रचना कोणी एका टेबलावर बसून आखलेली नाही. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) या कंपनीची रेल्वे 1867 मध्ये मुंबईकडून नागपूरला पोचली. पूर्वेकडची वाट पुढे 1887 मध्ये स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वेकडे गेली. दोन कंपन्या जिथे भेटल्या तिथे शिवण पडली, आणि कंपन्या गेल्या, राज्य बदललं, तरी ती शिवण राहिली.

एखादी मोठी व्यवस्था समजून घ्यायची म्हटलं की आपण पहिल्यांदा कागदावर चौकोन काढतो. सर्वांत वर एक, त्याखाली तीन, त्याखाली दहा. चौकोनांना रेघांनी जोडतो आणि मग नकळत एक गोष्ट धरून चालतो: वरच्या चौकोनातून खाली हुकूम जातात आणि खालचे ते पाळतात. व्यवस्थांचा अभ्यास करणाऱ्यांमध्ये हा जुना वाद आहे. व्यवस्थेला पातळ्या आहेत एवढ्यावरून वरच्या पातळीचं खालच्या पातळीवर नियंत्रण आहे, असं म्हणता येतं का? माझं उत्तर आहे, नाही. पातळी असणं ही एक गोष्ट, नियंत्रण असणं ही दुसरी. दोन्ही कधी एकत्र सापडतात, कधी सापडत नाहीत, आणि प्रत्येक ठिकाणी ते वेगळं तपासावं लागतं.

रेल्वेतच थोडं थांबू, कारण इथे हे सगळं उघड्या डोळ्यांनी दिसतं.

विभाग हा झोनचा भाग, झोन हा भारतीय रेल्वेचा भाग. हे झालं सामावणं. लहान गोष्ट मोठीच्या पोटात आहे, एवढंच त्यातून कळतं. आता विभागाच्या कंट्रोल ऑफिसात बसलेला सेक्शन कंट्रोलर घ्या. कुठली मालगाडी लूपमध्ये, म्हणजे बाजूच्या रुळावर, काढायची आणि कुठली सुपरफास्ट पुढे सोडायची हे तो ठरवतो, आणि वाटेतले स्टेशन मास्तर त्याप्रमाणे वागतात. हा मात्र सरळ हुकूम. चौकोन आणि रेघांच्या चित्रात आपल्याला जे दिसतं ते हेच.

पण दोन स्टेशनांमधला व्यवहार बघा. जुन्या ब्लॉक पद्धतीत मागच्या स्टेशनचा मास्तर पुढच्या स्टेशनकडे 'लाइन क्लिअर' मागतो. पुढच्यानं ती दिली तरच गाडी सुटते. पुढचं स्टेशन दोन फलाटांचं, दिवसाला चार पॅसेंजर थांबणारं असेल, मागचं मोठं जंक्शन असेल, तरी फरक पडत नाही. लहान स्टेशनानं लाइन क्लिअर दिली नाही तर मोठ्या जंक्शनवरची गाडी उभी राहते. इथे वर कोणी नाही आणि खालीही कोणी नाही. एकानं मागायचं आणि दुसऱ्यानं संमती द्यायची, आणि परतीच्या गाडीच्या वेळी या भूमिका उलटतात. वर्दळीच्या मार्गांवर आता स्वयंचलित सिग्नल आले आहेत, पण त्यांचं तत्त्व हेच आहे: पुढचा तुकडा मोकळा आहे हे पुढच्या तुकड्यावरूनच कळायला हवं.

आणि चौथी गोष्ट, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते: इंटरलॉकिंग. हावडा–मुंबई आणि दिल्ली–चेन्नई या दोन वाटा नागपुरात एकमेकींना छेदतात. दोन गाड्यांचे मार्ग एकमेकांना छेदत असतील तर दोन्हींसाठी एकाच वेळी हिरवा सिग्नल मिळणारच नाही, अशी सोय त्या यंत्रणेतच केलेली असते. स्टेशन मास्तरनं बटण दाबलं तरी ती यंत्रणा ऐकत नाही. फोन कितीही वरून आला असला तरी त्या बटणानं तो सिग्नल मिळत नाही. अधिकाराच्या चित्रात या यंत्रणेला स्थानच नाही. ती कोणाची साहेब नाही, कोणाला काही करायला सांगतही नाही. काय करता येणार नाही एवढंच ती ठरवते. तरी प्रवाशाच्या जिवाच्या दृष्टीनं पाहिलं तर ती त्या फलाटावरच्या कुठल्याही अधिकाऱ्यापेक्षा कमी ताकदीची नाही.

म्हणजे एकाच रेल्वेत चार प्रकारची नाती निघाली. सामावणं, हुकूम, संमती आणि बंधन. चौकोनांच्या चित्रात चारही ठिकाणी एकच रेघ येते. गोंधळ तिथे सुरू होतो.

मग कोणी हुकूम चालवत नसेल तर पातळ्या तयार तरी कशा होतात? यावर अमेरिकन अभ्यासक हर्बर्ट सायमन यांनी 1962 मध्ये फार नेमकं लिहिलं. (त्यांना पुढे 1978 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.) त्यांनी दोन घड्याळजींची गोष्ट सांगितली. दोघांच्याही घड्याळात सुमारे हजार सुटे भाग. एक जण सगळे भाग एका दमात जोडत जायचा. मधेच कोणी हाक मारली आणि हातातलं खाली ठेवलं की सगळं पुन्हा सुटं व्हायचं. दुसरा दहा-दहा भागांचे टिकाऊ जोड करायचा, मग दहा जोडांचा एक मोठा जोड. त्यालाही हाका यायच्याच, पण त्याचा फक्त हातातला एक जोड सुटायचा. दुसऱ्याच्या घड्याळात पातळ्या आहेत, पहिल्याच्या नाहीत. पण दुसऱ्याच्या घड्याळातला मोठा जोड लहान जोडांना काही सांगतो का? अजिबात नाही. पातळ्या तिथे आहेत त्या एवढ्यासाठी की तशी बांधलेली गोष्ट अडथळ्यांतून टिकते. सायमन यांनी हे स्पष्टच म्हटलं की साहेब आणि हाताखालचा माणूस हे पातळ्यांचं एक विशेष उदाहरण आहे, पातळी या कल्पनेचा गाभा नाही.

त्यांचं दुसरं निरीक्षण तर आणखी उपयोगी आहे. एका गटाच्या आतले भाग एकमेकांवर जोरानं आणि लवकर परिणाम करतात. दोन गटांमधला परिणाम सौम्य आणि सावकाश असतो. पातळीची सीमा कुठे आहे हे यावरून ओळखता येतं. पदनामं बघू नका, वेग बघा.

आता एका व्यवस्थेच्या आतून बाहेर येऊ. दोन-तीन स्वतंत्र व्यवस्था एकमेकींना भिडतात तेव्हा वर कोण आणि खाली कोण?

नागपूरच्या उत्तरेला कोराडीचं औष्णिक वीज केंद्र आहे. तिथे 660 मेगावॉटचे तीन संच आहेत. केंद्राला कोळसा लागतो. वेस्टर्न कोलफील्ड्सचं मुख्यालय नागपुरातच, खाणी उमरेड, सावनेर, चंद्रपूर, वणी या पट्ट्यात. औष्णिक केंद्रांकडे जाणारा बराचसा कोळसा रेल्वेनं जातो. रेल्वे आता विजेवर चालते. डोक्यावरच्या तारेत 25 हजार व्होल्ट असतात आणि ती वीज ग्रिडमधूनच, म्हणजे देशभरच्या वीजवाहिन्यांच्या जाळ्यातूनच येते. आणि खाणीतले पंप, हवा खेळवणारे पंखे, मोठी यंत्रं, त्यांनाही वीजच लागते.

आता उतरंड लावून दाखवा. वीज कोळशावर अवलंबून, कोळसा रेल्वेवर, रेल्वे विजेवर. कोणाला माथ्यावर ठेवायचं? ज्याला ठेवाल त्याच्याही वर कोणीतरी निघतंच. चक्रच आहे ते, आणि चक्राला माथा नसतो.

अशा रचनेला नाव देणारा माणूस मेंदूचा अभ्यासक होता, वॉरन मॅककलॉक. 1945 मध्ये त्यांनी दाखवलं की चेतापेशी वर्तुळात जोडलेल्या असतील तर एक विचित्र गोष्ट शक्य होते: अ आणि ब मध्ये अ निवडला जातो, ब आणि क मध्ये ब, पण क आणि अ समोर आले की क. सर्वांत श्रेष्ठ असं काहीच उरत नाही, तरी प्रत्येक वेळी निवड ठाम होते. यात गोंधळ नाही, नियम आहे. मॅककलॉक यांनी याला हेटरार्की म्हटलं. गोष्टी कधी या क्रमानं लागतात, कधी त्या क्रमानं, आणि समोर कोणती परिस्थिती आहे त्यावर तो क्रम ठरतो.

2022 च्या उन्हाळ्यात हे देशभर दिसलं. त्या वर्षीचा मार्च महिना 1901 पासूनच्या नोंदींतला देशातला सर्वांत उष्ण मार्च ठरला. विजेची मागणी लवकर चढली आणि केंद्रांवरचे कोळशाचे साठे उतरले. एप्रिलअखेर रेल्वेनं अनेक प्रवासी गाड्या रद्द केल्या, कोळशाच्या रॅकना वाट मिळावी म्हणून. दक्षिण पूर्व मध्य रेल्वेच्या मार्गांवर त्याची मोठी झळ बसली. एरवी मालगाडी लूपमध्ये उभी राहते आणि मेल पुढे जाते. त्या आठवड्यांत क्रम उलटा झाला. हे काही दोन गाड्यांनी आपसांत ठरवलं नाही, निर्णय वरूनच आला, आणि तो यायलाच हवा होता. चक्राचा एक दुवा आखडला की इतर दोन आपोआप आखडतात. सगळं चक्र ज्याला दिसतं अशा कोणीतरी हात घालण्याची ती वेळ असते. पण वेळ टळल्यावर हात मागे घ्यायचा असतो. उन्हाळ्यातला हा हुकूम म्हणजे रेल्वे कायमची वीज खात्याच्या हाताखाली आली असं नव्हे.

शरीरातही असंच आहे. मेंदू वर आणि हृदय त्याच्या हुकमात, असं आपण सहज बोलतो. प्रत्यारोपण करताना हृदयाच्या नसा कापल्या जातात, मेंदूशी असलेली ती वाट तुटते, तरी हृदय धडधडत राहतं, उलट थोडं जलदच. ठेका हृदयाच्या आतच तयार होतो. मेंदू तो कमी-जास्त करतो. हा ठेका नेमका कोण धरतो, याचं गणित ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ डेनिस नोबल यांनी 1960 मध्ये मांडलं. पेशीच्या आवरणातले सूक्ष्म दरवाजे उघडतात-मिटतात, त्यानं पेशीचा विद्युतदाब बदलतो, आणि तोच दाब पुन्हा दरवाजे उघडतो-मिटतो. एका दरवाजाकडे ठेका नाही. दाब हा संपूर्ण पेशीचा, म्हणजे वरच्या पातळीचा, आणि दरवाजे खालच्या पातळीचे. परिणाम दोन्ही दिशांनी जातो. पेंचच्या जंगलातल्या वाघाबद्दलही एवढंच म्हणता येईल: अन्नसाखळीत तो सर्वांत वरच्या थरात आहे, पण किती वाघ जगतील हे चितळ-सांबर ठरवतात, आणि किती चितळ जगतील हे गवत आणि पाणी. वाघाचा धाक खरा आहे; त्याला कारभार म्हणता येत नाही.

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, मग वरच्या पातळीची गरजच काय, सगळं खालीच सोडून द्या. तेही मला पटत नाही. ग्रिडचं उदाहरण घेतलं की दोन्ही टोकं तपासता येतात.

कागदावर वीजव्यवस्थेच्या पातळ्या स्वच्छ आहेत. दिल्लीला राष्ट्रीय भार प्रेषण केंद्र, म्हणजे विजेची मागणी आणि पुरवठा यांचा मेळ बघणारं केंद्र, त्याखाली पाच प्रादेशिक केंद्रं, आपलं पश्चिमेचं मुंबईत. त्याखाली राज्याचं केंद्र ऐरोलीला, आणि विदर्भासाठी त्याचं क्षेत्रीय केंद्र नागपुरात अंबाझरीला. पण मे महिन्यात दुपारी नागपुरातले लाखो कूलर सुरू होतात तेव्हा ऐरोलीला कोणी विचारत नाही. मागणी खालूनच येते, न सांगता येते, आणि क्षणात येते. वीज साठवून ठेवायची सोय फार थोडी, म्हणून त्याच क्षणी तेवढी वीज तयार व्हायला हवी. हे कोणाच्या हुकमानं होतं?

कोणाच्याच नाही. संपूर्ण देशाचं ग्रिड एकाच तालावर फिरतं, सेकंदाला 50 आवर्तनं. मागणी वाढली की जनित्रांवर ओझं येतं आणि हा ताल किंचित मंदावतो. ही घट देशातल्या प्रत्येक केंद्रावर जवळजवळ त्याच क्षणी कळते. प्रत्येक जनित्राला गव्हर्नर नावाचा भाग असतो. ताल उतरला की तो आपणहून झडप उघडून वाफ किंवा पाणी वाढवतो. कोराडीचा संच आणि हिमालयातलं जलविद्युत केंद्र एकमेकांशी एक शब्द न बोलता एकत्र जोर लावतात. त्यांच्यात समान काय आहे? तो ताल. ही झाली पहिल्या काही सेकंदांची गोष्ट. त्यानंतर राष्ट्रीय केंद्रातून काही निवडक संचांना दर चार सेकंदांनी स्वयंचलित संदेश जातात. त्याहून सावकाश, पंधरा-पंधरा मिनिटांच्या हिशोबानं, माणसं कार्यक्रम बदलतात. दिवसाचे असे 96 तुकडे पाडलेले असतात. सायमन यांचं वेगाचं निरीक्षण इथे जसंच्या तसं उतरलं आहे. जितकं वर जावं तितका वेग कमी आणि नजर लांब. वरच्या केंद्रानं खालच्या सेकंदांमध्ये हात घालायचा ठरवलं तर ते जमणारच नाही. तेवढ्यात माहिती पोचून उत्तर परत यायला वेळच नसतो.

5 एप्रिल 2020 च्या रात्री 9 वाजता देशभर लोकांनी नऊ मिनिटं दिवे बंद केले. अंदाज होता की मागणी 12 ते 14 हजार मेगावॉटनं उतरेल. प्रत्यक्षात ती सुमारे 31 हजार मेगावॉटनं उतरली. ग्रिड टिकलं. त्यासाठी दोन गोष्टी लागल्या. वरच्या केंद्रांनी आधीच्या दोन दिवसांत ठरवून ठेवलं होतं की जलविद्युत केंद्रं कशी वापरायची. आणि त्या नऊ मिनिटांत प्रत्येक ठिकाणी खालच्या यंत्रणेनं आपापलं काम केलं. अंदाज अर्ध्याहून जास्त चुकला असताना निव्वळ ठरवलेल्या आकड्यांवर विसंबून हे निभावलं नसतं. आणि निव्वळ गव्हर्नरांवर सोडलं असतं तर त्यांच्याकडे तेवढा खाली-वर होण्याचा वाव शिल्लक ठेवलेला नसता.

याच्या उलट 2012. 30 जुलैच्या पहाटे उत्तरेचं ग्रिड कोसळलं, आणि 31 जुलैच्या दुपारी उत्तर, पूर्व आणि ईशान्य असं तिहेरी. साठ कोटींहून जास्त लोक राहतात असा प्रदेश अंधारात गेला. पश्चिमेचं ग्रिड वाचलं, म्हणून महाराष्ट्रातले दिवे चालू राहिले. चौकशी समितीनं जी कारणं दिली त्यात कमकुवत झालेले जोडमार्ग होते, बीना–ग्वाल्हेर मार्गावरच्या संरक्षण यंत्रणेचं चुकीचं काम होतं, आणि हेही होतं की जास्त वीज उचलणं कमी करा असं प्रादेशिक केंद्रानं सांगितलं असता राज्यांच्या केंद्रांनी पुरेसा प्रतिसाद दिला नाही. 2003 च्या विद्युत कायद्यात प्रादेशिक केंद्राचे आदेश पाळणं बंधनकारक आहे. म्हणजे पातळ्या होत्या, अधिकार कायद्यात लिहिलेला होता, आदेश गेले होते, फक्त नियंत्रण नव्हतं. कारण ज्यांनी आदेश मानायचे ती राज्यांची केंद्रं आपापल्या राज्याच्या वीज कंपन्यांच्या दबावाखाली होती, आणि भारनियमन करायचं तर आधी त्यांनाच तोंड द्यायचं होतं.

एखादी मोठी व्यवस्था बिघडली की आपल्याकडे पहिली मागणी कडक आदेशांची होते. वरून दट्ट्या बसला की खालचे सरळ होतील, असं मनापासून वाटतं लोकांना. 2012 नंतर सुचवलेल्या उपायांची यादी मला म्हणूनच फार बोलकी वाटते. त्यात वरचे हात बळकट करणारे उपाय होते: भार प्रेषण केंद्रांना वीज कंपन्यांपासून स्वायत्तता द्या. राष्ट्रीय पातळीवरची संस्था 2017 मध्ये पॉवर ग्रिड या वीजवहन कंपनीपासून वेगळी झालीही. पण तितकेच उपाय सर्वांत खालच्या पातळीसाठी होते: प्रत्येक जनित्राचा गव्हर्नर खरोखर चालू ठेवा, ताल ठरावीक आकड्याखाली गेला की फीडर, म्हणजे एकेका भागाला वीज पोचवणाऱ्या वाहिन्या, आपणहून बंद करणारे रिले नीट ठेवा, आणि मोठी पडझड झाली तर शहरं, रुग्णालयं, रेल्वे यांना घेऊन ग्रिडचा एखादा तुकडा स्वतंत्र बेटासारखा तगू शकेल अशी तजवीज करा. तिन्ही गोष्टी अशा की ऐन वेळी ऐरोलीहून किंवा दिल्लीहून फोन येण्याची वाट बघावी लागू नये.